दसऱ्याचे चार प्लग

पेट्रोलवर चालणाऱ्या लाँचचे स्पार्क प्लग बदलायचे असतील, तर इंजिनावरचे लाकडी झाकण काढून आधी थांबावे लागते. मोटारीतून गळालेले पेट्रोल रस्त्यावर पडते आणि उडून जाते. लाँचमध्ये इंजिन पोटात असते. गळालेल्या पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचून राहते आणि तिला एक ठिणगी पुरते. माझे वडील झाकण काढून काठावर बसत, कानामागची बिडी हातात घेत, न पेटवता बोटांत फिरवत आणि परत कानामागे ठेवत. तेवढा वेळ त्यांच्या मते पुरेसा असे. मग ते कामाला लागत.

वडील एका जलाशयावर लाँच चालवत. नागपूरहून एसटीने तासाभरावरचे ते धरण होते. लाँचला लष्कराने मोडीत काढलेल्या जीपचे इंजिन बसवलेले होते. ते पाटबंधारे खात्याच्या कर्मशाळेत बसवले गेले तेव्हा वडील तिथे मदतनीस होते. इंजिनाबरोबर तेही धरणावर आले आणि तिथेच राहिले. पलीकडच्या काठावर माणसे नेणे, पाण्यावर माजलेली जलपर्णी दोर बांधून ओढून काढणे आणि साहेबलोकांच्या पाहुण्यांना एक फेरी मारून आणणे, ही त्यांची कामे. धक्क्यालगत दोन खोल्यांचे क्वार्टर होते. आई त्याच क्वार्टरमध्ये वारली. त्यानंतर वडील तिथे एकटे राहत. मी नागपूरला एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो आणि नंदनवनात भाड्याच्या खोलीत राहत होतो. साप्ताहिक सुटीच्या दिवशी मी एसटी पकडून धरणावर जात असे. हा सगळा काळ सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध.

आई गेल्यानंतर वडिलांना ऐकू येणे कमी होत गेले. आधी रेडिओ बंद झाला, मग पाठीमागून मारलेली हाक पोचेनाशी झाली. समोर उभे राहून सावकाश बोलले की ओठांवरून त्यांना समजे. ही गोष्ट तिघांना माहीत होती: त्यांना, मला आणि धरणाच्या चौकीदाराला. खात्याला कळले असते, तर लाँच त्यांच्याकडून गेली असती. लाँचबरोबर क्वार्टरही गेले असते, कारण ते लाँचचालकाचे क्वार्टर होते. निवृत्तीला अजून काही वर्षे होती. तोपर्यंत कुणाला कळू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी ती मला कधी बोलून दाखवली नाही. साहेब धरणावर आले की ते त्यांच्या अगदी समोर जाऊन उभे राहत, यावरून मला ती कळली.

लाँच चालू असली की मात्र अडचण नसे. जीपचे जुने इंजिन, लाकडी पेटी आणि खाली पाणी, एवढा आवाज असे की कुणाचेच कुणाला ऐकू येत नसे. लोक हातवारे करत. तेवढा वेळ वडील इतरांसारखेच असत.

इंजिन ते स्वतः कसे ऐकत, हे मी बऱ्याच उशिरा पाहिले. त्यांच्याकडे लाकडी मुठीचा एक लांब स्क्रूड्रायव्हर होता. त्याचे टोक ते चालत्या इंजिनावर टेकवत आणि मूठ दातांत धरत. हवेतून येणारा आवाज त्यांच्या कानांपर्यंत पोचत नव्हता, पण हाडांतून येणारा पोचत होता. असे होऊ शकते, हे मला नंतर एका कानाच्या डॉक्टरने सांगितले. वडिलांना कुणी सांगितले नव्हते. मुठीवर त्यांच्या दातांच्या खुणा होत्या.

इंजिन तेल खात असे, म्हणून प्लग लवकर काळे होत. माझ्या सुटीच्या दिवशी आम्ही ते काढून साफ करत असू. मी येताना आमचा पेपर घेऊन जाई. वडील तो पहिल्या पानापासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचत, आणि मागच्या आठवड्याचा अंक इंजिनाजवळ पसरत. प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून आणि ब्रशने काढायची, नाहीतर प्लग निघताच ती आत पडते. वायर ओढताना वायरीला नाही, टोपीला धरायचे. प्लगपाना सरळ बसवायचा, तिरका बसला की चिनीमातीला तडा जातो. निघालेले प्लग पुढून मागे या क्रमाने पेपरवर ठेवायचे. मग वडील एकेक उचलून उजेडात धरत. बिस्किटासारखा रंग असला की बरे, काजळी असली तर पेट्रोल जास्त, ओले काळे असले तर तेल वर येते आहे. फट मोजायला त्यांच्याकडे हॅक्सॉच्या पात्याचा एक तुकडा होता. तो दोन टोकांच्या मध्ये किंचित घासत गेला की फट बरोबर. प्लग परत बसवताना पहिले आटे बोटांनी फिरवायचे. पाना शेवटी, आणि तोही जोर न लावता.

या कामात आम्ही इंजिनाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसत असू. इंजिन बंद असे आणि त्यांना माझे ओठ दिसत. आमचे जे काही बोलणे होई, ते याच वेळी होई. बाकीचा दिवस ते पाण्याकडे पाहत बसत आणि मी त्यांच्या शेजारी.

नवे प्लग वर्षातून एकदा, दसऱ्याला. त्या दिवशी खात्यातल्या सगळ्या यंत्रांची पूजा होई. दरवाज्यांची मोटार, पंप, रोलर, साहेबांची जीप, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचे हार आणि नारळ. वडिलांनी दीक्षा घेतली होती. ते लाँचची पूजा करत नसत. सकाळी उजाडताच तिला नवे प्लग घालत, पांढरा सदरा चढवत आणि नागपूरला दीक्षाभूमीवर जात. आई होती तोवर तीही बरोबर असे. मग मी जाऊ लागलो.

चौकीदार भिवापूरकडचा, वडिलांहून थोडा लहान. दरवर्षी तो हाराची टोपली घेऊन धक्क्यावर येई आणि वडिलांच्या समोर उभा राहून त्यांना छेडत असे.

“मिस्त्रीभाऊ, एक हार घालू द्या ना गा. सणाच्या दिवशी तुमची लाँच बिनकुंकवाची उभी रायते.”

“काहून? तिचा मालक मी जिता हाय ना अजून.”

“एक टिळा तरी.”

“तुह्या रोलरले लाव दोन. तो तसाबी चालत नाही.”

चौकीदार हसत जाई. नारळाचा प्रसाद मात्र तो न चुकता आणून देई आणि वडील तो खात.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या दसऱ्यालाही आम्ही सकाळी प्लग बदलले. वडिलांनी इंजिन चालू केले, स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरली, डोळे मिटले आणि मान हलवली. मग लाँच बांधून आम्ही एसटीने नागपूरला गेलो. मैदानावर नेहमीची गर्दी होती. गर्दीत वडील माझ्या मनगटाला धरून चालत. रात्री ते माझ्या खोलीवर राहिले. दुसऱ्या दिवशी माझी पाळी रात्रीची होती, म्हणून सकाळी मी त्यांना सोडायला परत धरणावर गेलो.

धक्क्यावर साहेब उभे होते. ते उपअभियंता होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांच्याबरोबर त्यांची म्हातारी आई होती. सणाला आली होती आणि तिला पाण्यातून एक फेरी हवी होती. लाँचच्या टोकाला झेंडूचा हार होता. सुकाणूच्या चाकावर कुंकू होते.

वडिलांनी हाराकडे पाहिले, मग चौकीदाराकडे. चौकीदार टोपी काढून समोर आला.

“रागावू नका गा, मिस्त्रीभाऊ. सगळ्या मशिनी नटल्या. हे एकटीच उघडीबोडकी उभी. मले रायवलं नाही.”

“आत बी केलं काय?”

“थोडंसं. झाकण काढून. नवे प्लग चमकून राहिले होते ना.”

वडिलांनी झाकण काढले. जीपच्या त्या इंजिनाचे प्लग वरच्या बाजूला उभे असतात, प्रत्येक एका खळग्यात. चारही प्लगांच्या पांढऱ्या चिनीमातीवर एकेक टिळा होता. नारळ इंजिनाच्या डोक्यावर फोडलेला होता, त्याची करवंटी तळाशी पडली होती आणि खळग्यांत नारळपाणी साचले होते. चौकीदाराने हे सगळे मनापासून केले होते. पंपाला आणि रोलरला त्याने असेच केले होते आणि त्यांना काही झाले नव्हते, कारण ती डिझेलवर चालत. पेट्रोलच्या इंजिनात प्लगची चिनीमाती ओली झाली की वीज आत ठिणगी पाडण्याऐवजी बाहेरूनच पळते.

एरवी वडिलांनी चारही प्लग काढून वाळवले असते. पण साहेब घड्याळ पाहत होते आणि त्यांची आई काठी टेकत फळीवरून लाँचमध्ये आली होती. वडिलांनी फडक्याने पाणी टिपले, टिळे पुसले, थोडे थांबले आणि इंजिन चालू केले. ते चालू झाले. फडक्याने कुंकू पुसले गेले नव्हते, नुसते फासले गेले होते, हे नंतर दिसले.

जलाशयाच्या मध्यावर लाँच अडखळू लागली. ते वडिलांना माझ्याआधी कळले, तळव्यांतून. त्यांनी वेग कमी केला. इंजिन दोनतीन गचके देऊन बंद पडले.

पाण्यावर एकदम शांतता झाली. वडिलांनी झाकण काढले, आमच्याकडे पाठ करून काठावर बसले, बिडी बोटांत घेतली आणि वाट पाहू लागले.

“मिस्त्री, काय झालं?” साहेबांनी विचारले.

वडिलांनी बिडी फिरवली.

“मिस्त्री!”

“प्लग ओले झाले असावेत,” मी म्हणालो.

“मी त्यांना विचारतोय.”

मी इंजिनाच्या पलीकडे जाऊन वडिलांच्या समोर बसलो आणि सावकाश म्हणालो, “बाबा, साहेब इचारून राहिले, काय झालं.” त्यांनी मागे वळून साहेबांकडे पाहिले आणि हसले. “आत्ता होते, साहेब. नारळाचं पाणी हाय.”

त्यांनी प्लग काढले. मी पेपर पसरला. ते पुसून, पेट्रोलच्या चिंधीने घासून त्यांनी परत बसवले. इंजिन सुरू झाले, पण एक प्लग ठिणगी देत नव्हता. त्यांनी मूठ दातांत धरली, टोक इंजिनावर टेकवले आणि मला खूण केली. मी एकेक टोपी उचलत गेलो. चालणाऱ्या प्लगची टोपी उचलली की इंजिन खचते. मेलेल्याची उचलली तर काहीच फरक पडत नाही. शेवटच्या टोपीला त्यांनी हात वर केला. इंजिन बंद करून त्यांनी तो मागचा प्लग पुन्हा काढला. चिनीमातीवर केसाएवढी लाल रेघ राहिली होती. ती त्यांनी नखाने खरवडली.

एवढ्या वेळात वाऱ्याने लाँच सरकत सरकत उथळ बाजूला आली होती. तिथे एका कोळ्याची डोंगी उभी होती.

“मिस्त्री! जाळं हाय इकडं, जाळं!” तो ओरडला. “सुरू नका करू गा, पंख्यात जाईन!”

हे आम्ही सगळ्यांनी ऐकले. पाण्यावर आवाज स्पष्ट येतो. वडील प्लग बसवून उठले. काम जमल्यामुळे त्यांचा चेहरा खुलला होता. ते चालकाच्या जागी बसले आणि त्यांनी इंजिन सुरू करायच्या बटणाकडे हात नेला. कोळी परत ओरडला. मी पुढे जाऊन त्यांचा दंड धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी बोट केले तिकडे पाहिले आणि जाळ्याचे तरंगणारे भोपळे लाँचच्या अगदी मागे आलेले त्यांना दिसले.

कोळ्याने बांबूने लाँच ढकलून बाजूला केली. “काय मिस्त्री, झोपून राहिले काय?” तो म्हणाला. वडिलांना तो दिसत होता. त्यांनी हात जोडले.

मागच्या बाकावर साहेबांची आई मुलाला म्हणाली, “अरे, त्यांना ऐकू येत नाही. तुझ्या बाबांचं असंच होतं. समोर जाऊन बोलावं लागायचं.”

वडिलांनी इंजिन सुरू केले आणि परत येईपर्यंत कुणालाच कुणाचे ऐकू आले नाही. इंजिन उत्तम चालत होते.

धक्क्यावर आईला जीपमध्ये बसवून साहेब माझ्याकडे आले. आवाज हळू ठेवण्याची गरज नव्हती, तरी त्यांनी तो हळू ठेवला.

“हे केव्हापासून?”

“काही वर्षं झाली.”

“तुम्ही रोज इथे असता?”

“नाही. सुटीच्या दिवशी येतो.”

“मग बाकीच्या दिवशी त्यांचा दंड कोण धरतं?”

वर्तमानपत्रात प्रश्नाला उत्तर मिळाले नाही की आम्ही लिहीत असू, ‘यावर त्यांनी बोलण्याचे टाळले.’ मी लाँचकडे पाहिले.

“मी कानांचं काही लिहिणार नाही,” साहेब म्हणाले. “इंजिन जुनं झालं आहे, बदलावं, एवढं लिहीन. क्वार्टरचं मी बघतो.”

जीप गेली. वडील लाँच बांधत होते. त्यांनी दोराला गाठ मारली आणि माझ्या समोर आले.

“काय म्हणे?”

“इंजिन जुनं झालं म्हणते. बदलाचं म्हणते.”

ते माझ्या ओठांकडे पाहत राहिले. मी नीट बोललो होतो.

“इंजिन बरं हाय,” ते म्हणाले. “आत्ताच ऐकलं मी.”

त्यांनी टोकाचा हार काढला, धक्क्याच्या खांबाला अडकवला आणि ते घरात गेले.

साहेबांनी शब्द पाळला. उन्हाळ्यात डिझेलची नवी लाँच आली आणि तिच्याबरोबर तरुण चालक. त्याचे घर जवळच्या गावात होते, त्याला क्वार्टर नको होते. वडिलांना पाण्याची पातळी पाहण्याच्या कामावर घेतले. भिंतीवरच्या आकड्यांच्या पट्टीवर पाणी कुठे आहे, ते सकाळ-संध्याकाळ पाहायचे आणि चौकीत सांगायचे. या कामाला कान लागत नाहीत. जुनी लाँच काठावर ओढून ठेवली. तिचे इंजिन कर्मशाळेने नेले.

डिझेलच्या इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. माझी सुटी पूर्वीसारखीच होती आणि एसटीची वेळही तीच होती. मी जात राहिलो. आता आम्ही क्वार्टरच्या ओट्यावर शेजारी शेजारी बसत असू, दोघांची तोंडे पाण्याकडे. शेजारी बसलेल्याचे ओठ दिसत नाहीत. मुद्दाम समोर जाऊन बसावे, तर सांगण्यासारखे तेवढे काही नसे, आणि ते लगेच विचारत, “काय झालं?” पेपर ते अजूनही पूर्ण वाचत. मागचे अंक खोलीच्या कोपऱ्यात साचत गेले.

पुढच्या दसऱ्याला मी सकाळी पोचलो तेव्हा ते पांढरा सदरा घालून धक्क्यावर उभे होते. चौकीदार नव्या लाँचला हार घालत होता. नारळ हातात घेऊन तो वडिलांच्या तोंडाकडे पाहत थांबला.

“फोड गा,” वडील म्हणाले. “तिले प्लगच नाही.”

चौकीदाराने नारळ फोडला. मग त्याने अर्धी करवंटी वडिलांच्या हातात दिली आणि खाली मान घालून म्हणाला, “तुमचीच बरी होती.” मान खाली असल्यामुळे वडिलांना ते कळले नाही. मी सांगितलेही नाही.

तरुण चालकाला पलीकडच्या काठावर पाळीची माणसे आणायला जायचे होते. लाँच निघाली. आमच्या एसटीला वेळ होता. लाँच डावीकडच्या टेकाडामागे गेली आणि तिचा आवाज कमी होत थांबला. निदान मला तरी तो ऐकू येईनासा झाला.

वडिलांनी सदऱ्याच्या खिशातून तो लांब स्क्रूड्रायव्हर काढला. धक्क्याचा एक लोखंडी पाइप खाली थेट पाण्यात गेलेला आहे. ते उकिडवे बसले, पांढरा सदरा ओला होऊ नये म्हणून त्यांनी तो वर खोचला, टोक पाइपाला टेकवले आणि मूठ दातांत धरली. ही त्यांची रोजची जागा असावी. पाइपावर तेवढ्याच ठिकाणचा गंज निघालेला होता.

बराच वेळ ते तसेच बसून होते. मी शेजारी उभा होतो. एसटीकडे जाणारी माणसे रस्त्याने चालली होती आणि त्यांतल्या एकाने आम्हाला हाक मारली. वडिलांचे डोळे मिटलेले होते.

मग त्यांनी मूठ तोंडातून काढली.

“फिरली,” ते म्हणाले. “येऊन राहिली.”

मी टेकाडाकडे पाहिले. तिथे नुसते पाणी होते आणि मला काहीच ऐकू येत नव्हते. त्यांनी स्क्रूड्रायव्हर सदऱ्याच्या आतल्या बाजूने पुसून खिशात ठेवला. आम्ही रस्त्याला लागलो तेव्हा टेकाडामागून लाँच बाहेर आली. त्यांनी मागे वळून पाहिले नाही.